गळलेला न

आमच्या गावाचं नाव गुरुवार.
पेर्शेम्बे. बाजार त्या दिवशी भरायचा, म्हणून.
नावासाठी याहून जास्त डोकं कुणी चालवलं नाही.
माझ्या बापानं चालवलं.

तो काळ्या समुद्रात रात्री दिवा लावून मासे धरायचा.
अवसेला जाळं फाटेस्तोवर मासळी,
पुनवेला पाणी दुधासारखं आणि टोपली रिकामी.
त्याच्या कंदिलापाशी मासा कशाला येईल,
वर एवढा मोठा दिवा फुकट जळत असताना?

म्हणून पहिली मुलगी झाली तेव्हा
त्यानं चंद्राला घरात घ्यायचं ठरवलं.
आय म्हणजे चंद्र, आमच्या बोलीत.
आयसेल, चांदण्याचा पूर.
मग ग्युलाय, गुलाबातला चंद्र.
आयतेन, चंद्राच्या कांतीची,
आणि नेमकी तीच सगळ्यांत सावळी, आरशावर रुसलेली.
त्युलाय, झिरझिरीत ओढणीआडचा.
"एवढे घरात कोंडले," तो आईला म्हणायचा,
"आता बाहेर उरणार कितीसा?"
चंद्रानं काही ऐकलं नाही. महिन्याच्या महिन्याला यायचा.
महिन्यालाही आमच्यात आयच म्हणतात,
आणि आय संपला की दुकानदार यायचा, वही घेऊन.

पाचवी मी.
सातव्या महिन्यातच आलेली, मार्चच्या गारठ्यात,
चुलीशेजारी कापसात गुंडाळून ठेवलेली.
सुईण बघून गेली, चहाला थांबली नाही.
चुलत्या, शेजारणी, सगळ्यांचा नन्नाचा पाढा:
दूध ओढत नाही, रडत नाही, राहत नाही.
बाप तरीही उठून नाव नोंदवायला गेला.
आयशेन. हसरा चंद्र.
हसण्यासारखं काय होतं, ते त्यालाच ठाऊक.

कचेरीतले शाकिर बे दाढदुखीनं बेजार.
अर्धं ऐकलं, अर्धं लिहिलं,
शिक्का मारला, टाक पुसला.
न गळला.

घरात वाचणारं कुणी नव्हतं.
सहा वर्षांनी शाळेत बाईंनी हाक मारली, "आयशे!"
मी मागे वळून पाहिलं, कोण ती.

बाई म्हणाल्या, यात चंद्र नाही गं.
हे दुसऱ्याच मुळाचं झाड, अरबस्तानातून आलेलं.
दिसायला तुझ्या बहिणींसारखं, इतकंच.
आयशे म्हणजे जगणारी.

मी रडत घरी आले. मला आभाळातून काढून टाकलं होतं.
बाप जाळं सांधत होता. सुई थांबली.
बराच वेळ गेला.
मग आईला म्हणाला, "कधी गेलो होतो गं मी कचेरीत?"
आई भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही.
"गुरुवारी. बाजार होता ना.
त्याच रात्री हिनं दूध ओढलं."

दुरुस्तीचा अर्ज त्यानं कधी केला नाही.
हाक मात्र न लावूनच मारायचा,
होडीतून, धक्क्यावरून, हेझलनटच्या उतारावरून.

ग्युलाय पहिल्या बाळंतपणात गेली.
आयसेल जर्मनीत गेली, डॉर्टमुंडला.
तिथल्या मुकादमाची जीभ वळेना, तो एझेल म्हणायचा.
एझेल म्हणजे त्यांच्याकडे गाढव.
"बापाला सांगू नकोस," ती फोनवर म्हणाली,
आणि इतकी हसली की मिनिटाचे पैसे संपले.
आयतेनच्या नातीचं नाव कुठल्याशा मालिकेतलं आहे.
त्याला मूळ आहे का, विचारलं नाही.

बाप ओर्दूच्या इस्पितळात वारला. घशात नळी होती.
मी खाटेपाशी वाकले तेव्हा
पूर्ण नाव काही निघालं नाही,
शेवटचं अक्षर तेवढं आलं.

परवा पुनव होती. होड्या काठावर उलट्या.
धक्क्यावर बसून मी सूर्यफुलाच्या बिया फोडत होते.
उजेड इतका, की सालं दिसत होती पाण्यावर.
पलीकडून कुणीतरी ओरडलं, "आयशे, घरी चल, गारठा पडलाय."
मी थोडा वेळ थांबले.
हाक अजून पुरी व्हायची आहे, असं वाटलं.